402 ची किल्ली कुणाकडे? साताऱ्याच्या शाहूनगरमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

16 ऑगस्ट 2025, शनिवार. पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, त्यात ऐन पावसाळा. बोगद्यापासून पुढे सज्जनगड-ठोसेघरकडे आणि वर यवतेश्वरच्या घाटाकडे दिवसभर गाड्यांची रांग होती. रात्री पावणेदोनला आमच्या सोसायटीतल्या 302 च्या दारावर कुणीतरी हातानं थापा मारायला लागलं. काकूंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. बाहेर विशीतला एक मुलगा, अनवाणी, भिजलेला. "काकू, बाबांच्या छातीत दुखतंय. वरती आहेत. घाम फुटलाय," एवढंच त्याला बोलता आलं.

मी सोसायटीची सेक्रेटरी, 203 मध्ये राहते. काकूंचा फोन आला तशी धावत वर गेले. त्या मुलानं 108 ला फोन लावलेला होता, पण पलीकडून पत्ता विचारला जात होता आणि त्याला पत्ता सांगता येत नव्हता. इमारतीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. 402 हा फ्लॅट मालक एका ॲपवरून पर्यटकांना रात्रीच्या दरानं देत; त्या ॲपवर घराचं नाव वेगळंच होतं, अजिंक्यताऱ्याचं दर्शन वगैरे काहीतरी, आणि नकाशावर एक टिंब. मालकाला त्यानं सहा वेळा फोन केला होता, तो बंद. 401 आणि 403 ची माणसं सुट्टीला गावी गेलेली, म्हणून बिचारा एक मजला खाली उतरून दारं वाजवत होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्या गृहस्थांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी चार मजले खाली आणलं. खाली आलो तर फाटकाला कुलूप. रात्री अकरानंतर आम्ही ते लावतो, किल्ली प्रत्येक घरात एकेक आहे. 402 च्या वाट्याची फाटकाची किल्ली पाहुण्यांना कधी दिलीच गेली नव्हती. त्यांच्याकडे फक्त दाराची किल्ली होती, तीही चपलांच्या कपाटामागे लावलेल्या आकड्यांच्या पेटीतून काढलेली.

म्हणजे सात माणसं, त्यांत दोन म्हातारी आणि एक लहान मूल, रात्रभर अशा इमारतीत कुलूपबंद होती जिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. त्या गृहस्थांचा झटका सौम्य निघाला, पाचव्या दिवशी ते घरी गेले. पण त्या रात्रीपासून आमच्या सोसायटीतला हा वाद 'बाहेरच्या लोकांचा त्रास' या नावानं ओळखला जायचा बंद झाला. कुणाच्या भरवशावर आपण ही माणसं आपल्या जिन्यात घेतोय, असा प्रश्न सगळेच विचारायला लागले. ते वळण महत्त्वाचं आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. साताऱ्यात आज बऱ्याच नव्या वसाहतींत असा एखादा फ्लॅट आहे.

फ्लॅटची कहाणी

आमची सोसायटी सोळा घरांची, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. 402 च्या मालकांचे आई-वडील तिथं पंधरा वर्षं राहिले. वडील गेले, आई पुण्याला मुलाकडे गेल्या, घर रिकामं झालं. मालक सज्जन माणूस आहे, हे आधीच सांगते. आधी त्यांनी एका बँक कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला अकरा महिन्यांच्या करारानं घर दिलं, महिना 11,000 रुपये. करार रीतसर नोंदवला, त्याची प्रत सोसायटीला दिली, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरली. त्या कुटुंबाची बदली झाली आणि घर दोन महिने पडून राहिलं. तेवढ्यात हिल मॅरेथॉनचा आठवडा आला. त्या दिवसांत साताऱ्यात पोवई नाक्यापासून राधिका रोडपर्यंत लॉजमध्ये खोली मिळत नाही. मालकांच्या ऑफिसातले चार धावणारे दोन रात्री राहून गेले आणि स्वतःहून 6,000 रुपये देऊन गेले. तिथून हे सुरू झालं. पुढच्या महिन्यात घर ॲपवर चढलं.

तक्रारी हळूहळू आल्या. गच्चीवरची टाकी सोळा घरांच्या हिशेबाची आहे. सोमवारी सकाळी नऊलाच नळ कोरडा पडायला लागला, कारण रविवारी 402 मध्ये नऊ माणसांच्या आंघोळी झालेल्या. पार्किंगमध्ये 104 च्या जागेवर पुण्याची गाडी. एकदा रात्री एकला 302 च्या कुलपात कुणीतरी चुकून किल्ली फिरवत होतं, तेव्हापासून काकांची झोप आणखीच कमी झाली. मालकांना फोन केला की ते मनापासून माफी मागायचे, पाहुण्यांना मेसेज करायचे. पुढच्या शनिवारी नवे पाहुणे. माफी ज्यांच्याकडून मागायची ती माणसं दर आठवड्याला बदलत होती, त्यामुळे समज कुणालाच देता येत नव्हती. भाडेकरूशी भांडण होतं, मग बोलणं होतं, मग सवय होते. इथं दर शुक्रवारी पाटी कोरी.

व्यवस्थापन समितीनं काय केलं? काही नाही, आणि त्यात मीही आले. एका सभेत ठरलं की घर मालक राहत नाही तर बिनभोगवटा शुल्क लावा आणि विषय संपवा. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमचं सेवाशुल्क 900 रुपये, म्हणजे महिन्याला 90 रुपये. आम्ही ते घेत राहिलो. आज मला वाटतं, ते 90 रुपये घेऊन आम्ही स्वतःलाच गप्प बसवलं होतं.

कागदावर काय आहे

मी व्यवसायानं करसल्लागार आहे, त्यामुळे ऑगस्टच्या त्या रात्रीनंतर समितीनं अभ्यासाचं काम माझ्याकडे दिलं. सगळ्यांची अपेक्षा होती की मी एक नियम शोधून आणेन: चालतं किंवा चालत नाही. असा एक नियम नाही. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा 1982 चा कायदा आहे आणि पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्यानं त्याखाली नोंद करायची असते. महाराष्ट्रात दिवसाच्या भाड्यावर दिलेल्या घरासाठी असा एकच कायदा नाही. जे आहे ते पाच-सहा टेबलांवर विखुरलेलं आहे, आणि प्रत्येक टेबलावर त्या घराला वेगळं नाव आहे.

पहिलं टेबल भाड्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन रात्रींसाठी कुणी दुय्यम निबंधकाकडे जात नाही, जाणारही नाही. म्हणून आमच्या चेअरमन काकांचं म्हणणं होतं की 402 मध्ये दर आठवड्याला कायदा मोडला जातोय. मला ते पटलं नाही. चादरी, टॉवेल, साफसफाई, वायफाय यांच्यासकट रात्रीच्या दरानं जागा देणं हे भाडं नाहीच, ती मुक्कामाची सेवा आहे. तिथं येणारा भाडेकरू नाही, गिऱ्हाईक आहे. हे एकदा मान्य केलं की भाडे कायदा बाजूला पडतो, पण मग मालकाला 'मी माझं घर भाड्यानं देतोय' असंही म्हणता येत नाही. ढाल एकाच बाजूनं धरता येत नाही.

करखातं तर हा फरक स्पष्टच करतं. सामान्य कुटुंबाला राहण्यासाठी घर भाड्यानं दिलं तर त्यावर जीएसटी नाही. मुक्कामाला खोली दिली तर आहे. पूर्वी दिवसाला 1,000 रुपयांच्या आतली खोली सुटायची, ती सूट 18 जुलै 2022 पासून गेली. मालकाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला स्वतः नोंदणी लागत नाही, पण बुकिंग ॲपवरून झालं तर जीएसटी कायद्याच्या कलम 9(5) प्रमाणे कर ॲपनं भरायचा असतो. तो दर 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला, म्हणजे आमचा वाद चालू असतानाच. आणि प्राप्तिकरात? 402 च्या मालकांनी हे उत्पन्न घरभाडं म्हणून दाखवून 30 टक्क्यांची सरसकट वजावट घेतली होती. माझ्या मते हे धंद्याचं उत्पन्न आहे, खर्च पावत्यांनिशी वजा करायचा. मी त्यांना हे सोसायटीची सेक्रेटरी म्हणून नाही, शेजारची ताई म्हणून सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं.

पुढचं टेबल घरपट्टीचं. नगरपरिषदेच्या आकारणीत हे घर निवासी आहे. चार वर्षांनी होणाऱ्या पाहणीत वापर बिगरनिवासी दिसला तर आकारणी बदलते. विजेचं तसंच: मीटर घरगुती, वापर धंद्याचा ठरला तर वीज कायदा, 2003 चं कलम 126 लागतं. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागच्या बारा महिन्यांची. इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रावरही 'निवासी' हाच शब्द आहे, आणि एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दात वापरातला ठळक बदलही येतो. एका फ्लॅटमध्ये आठवड्याला दोन रात्री पाहुणे येणं हा ठळक बदल आहे का, यावर दोन वकील दोन मतं देतील.

पोलिसांचं टेबल सगळ्यांत कमी गुंतागुंतीचं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षलेलं आहे. भाडेकरूंची, मुक्कामी माणसांची माहिती ठाण्याला कळवा असे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 कलमाखाली निघायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223. परदेशी पाहुणा असेल तर पर्याय नाहीच: आल्यापासून 24 तासांत त्याची ऑनलाइन माहिती, आणि ती देण्याची जबाबदारी ज्यानं जागा दिली त्याची. 1 सप्टेंबर 2025 पासून यासाठी नवा कायदा लागू झाला, त्यातही ही जबाबदारी कायम आहे. 402 मध्ये मागच्या वर्षी एक जर्मन जोडपं फुलं बघायला आलं होतं. त्यांची नोंद कुठंही नव्हती. आमच्या दिवसपाळीच्या वॉचमनदादांच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय: "402, पाहुणे 2, गोरे."

मालक घरात आहे का

हे सगळे कागद पसरून बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक प्रश्न सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि तो आम्ही कधी विचारलाच नव्हता. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची निवास-न्याहारी व होमस्टेची योजना आहे. त्यात घरात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा पाहुण्यांना देता येतात. पण अट अशी की मालक स्वतः कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे. आपल्या राज्याचं पर्यटन संचालनालयही निवास-न्याहारी नोंदणी करतं, त्याचा आत्मा हाच: घरातली एखादी खोली, घरच्यांच्या नजरेखाली. 402 मध्ये घर आहे, खोल्या आहेत, पण 'स्टे' करणारं 'होम' नाही. रिकामा फ्लॅट होमस्टे होत नाही.

ही अट केवळ आपल्याकडची जुनाट रीत आहे असं वाटू शकतं. तसं नाही. न्यूयॉर्क शहरानं सप्टेंबर 2023 पासून जो नियम अंमलात आणला त्यात 30 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मालकानं नोंदणी करायची, त्या घरात हजर राहायचं आणि दोनच पाहुणे ठेवायचे. तिथलं शहर आणि शाहूनगर यांत काहीही साम्य नाही, पण रात्री पावणेदोनला दारावर थापा पडल्यावर दार कोणी उघडायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. बार्सिलोनानं तर नोव्हेंबर 2028 पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे 10,101 परवाने नूतनीकरण न करता संपवायचं जाहीर केलंय, कारण तिथं गावातल्या माणसांनाच भाड्यानं घर मिळेना. आमच्याकडे अजून ती वेळ नाही. पण बदलून आलेल्या तलाठ्याला, नर्सताईला, कॉलेजातल्या प्राध्यापकाला शाहूनगर-गोडोलीत घर शोधताना आजही 'पावसाळ्यात देत नाही' असं ऐकावं लागतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

एक गैरसमज इथंच दूर करते. सभेत कुणीतरी हटकून म्हणतं, "महाबळेश्वरात घरोघरी चालतंय की!" तिथले नियम इथं लावता येत नाहीत, आणि इथले तिथं. महाबळेश्वर-पाचगणी 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेली एकात्मिक बांधकाम नियमावली गिरिस्थान नगरपरिषदांना आणि अशा क्षेत्रांना लागूच नाही. सातारा शहराला आहे. कास रस्त्यावरच्या गावांचं आणखी वेगळं, तिथं ग्रामपंचायत, वनखातं, आणि 2012 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं पठार. एकाच जिल्ह्यात तीन प्रकार. शाहूपुरी, विलासपूर या भागांतल्या लोकांनी तर विशेष लक्ष द्यावं. 2020 च्या हद्दवाढीआधी तुमची घरपट्टी ग्रामपंचायतीची होती, आता नगरपरिषदेची आहे, जुने दाखले पुढे करून भागणार नाही.

मालकांची बाजू

सभेच्या आधी मी मालकांना पुण्याहून बोलावून घेतलं. चहा झाला. ते म्हणाले, "ताई, माझ्या घरी माझा मामा सहा माणसं घेऊन आला असता तर तुम्ही विचारलं असतं का? पाणी तेवढंच गेलं असतं."

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो खरा म्हणूनच घेतला. सोसायटीला सदस्याच्या पाहुण्यांवर बंदी घालता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "मामांचा फोन तुम्ही रात्री पावणेदोनला उचलला असता. आणि मामांना इमारतीचं नाव ठाऊक असतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन त्यांनी बंद का ठेवला होता तेही नंतर कळलं: दिवसभर तीन वेगवेगळ्या पाहुण्यांचे गिझर आणि वायफायसाठी फोन येतात, म्हणून रात्री ते तो बंदच ठेवत.

मग आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. वर्षात साधारण 90 रात्री घर लागलं होतं, सरासरी 3,000 रुपयांनी, म्हणजे 2,70,000. ॲपचं कमिशन जाऊन हातात 2,30,000 च्या आसपास. साठ वेळा पाहुणे बदलले, प्रत्येक वेळी साफसफाई आणि धुलाईचे 500, म्हणजे 30,000. वीज, इंटरनेट, गॅस, मेंटेनन्स मिळून महिन्याला 3,000, वर्षाचे 36,000. किल्लीपेटी बघणाऱ्या आणि सामान भरणाऱ्या मुलाला महिन्याला 2,000, ते 24,000. उरले 1,40,000. बँकवाल्या कुटुंबाकडून वर्षाला 1,32,000 यायचे, त्यातून मेंटेनन्सचे 10,800 वजा. फरक साधारण 19,000 रुपयांचा. त्यात फुटलेली काचेची टीपॉय, एकदा बदललेला गिझर, आणि उद्या बिगरनिवासी घरपट्टी व व्यापारी दरानं वीज लागली तर? ते कागदाकडे बघत म्हणाले, "मला वाटत होतं दुप्पट येतंय." खात्यात रक्कम येताना दिसते, जाताना ती दहा वाटांनी जाते.

मी हे सांगते ते कुणाचा धंदा छोटा आहे म्हणून नव्हे. कासला फुलांचे दोन महिने साताऱ्यातल्या किती घरांना आधार देतात हे मला ठाऊक आहे. खोली देणाऱ्या बायका, डबे करणाऱ्या बायका, रिक्षावाले. पण 402 मधून येणारा पैसा आमच्या गावात थांबतही नव्हता.

सभा

वार्षिक सभा कायद्यानं 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. आम्ही 28 तारखेचा रविवार धरला आणि चौदा पूर्ण दिवसांची नोटीस काढली. नोटिशीसोबत उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीच्या, दुरुस्तीचा मसुदा जोडला, कारण नुसत्या ठरावानं भागणार नव्हतं. ठराव पुढच्या सभेत दुसऱ्या ठरावानं पुसता येतो. उपविधी बदलायला हजर सदस्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं आणि त्यानंतर सहकारी संस्थांच्या निबंधकाची मंजुरी.

माझा पहिला मसुदा सरसकट बंदीचा होता: 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर देता येणार नाही. तो सभेपर्यंत तसा राहिला नाही, आणि ते बरं झालं. 201 मधले काका निवृत्त आहेत, दोघंच राहतात, मागची खोली रिकामी. ते म्हणाले, "ताई, आम्ही घरात बसलोय. एखादं जोडपं दोन रात्री राहिलं, सकाळी हिनं पोहे केले, तर त्यात काय बिघडलं?" काही बिघडलं नाही. मी दोन प्रकारच्या घरांना एकाच शब्दानं हाक मारत होते. मसुदा बदलला. ज्या घरात मालक किंवा त्याचं जवळचं कुटुंब प्रत्यक्ष राहतं तिथं, पर्यटन विभागाची नोंदणी करून, चार पाहुण्यांपर्यंत परवानगी. मालक राहत नसलेलं घर 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीनं देता येणार नाही. पाहुण्याचं नाव, फोन आणि गाडी नंबर त्याच दिवशी रजिस्टरमध्ये. ओळखपत्र मालकानं बघायचं, आधारची झेरॉक्स वॉचमनकडे ठेवायची नाही. किल्लीपेटी नको, किल्ली हातात द्यायची, फाटकाच्या किल्लीसकट. दाराच्या आतल्या बाजूला इमारतीचं पूर्ण नाव, पत्ता, 108 आणि 112, आणि मालकाशिवाय साताऱ्यातल्याच एका माणसाचा नंबर.

सभेत आवाज चढले. 104 वाल्या दादांचं म्हणणं होतं की 402 चं पाणी तोडा, आपोआप सुधारतील. मला उभं राहून सांगावं लागलं की सोसायटीला सदस्याचं पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार नाही, तसं केलं तर आपणच गुन्हेगार ठरू. उपविधीचा भंग झाला तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभेची मान्यता, मग दंड, तोही आर्थिक वर्षात 5,000 रुपयांच्या वर नाही. वाद त्यापुढे गेला तर सहकार न्यायालय आहे. दंडाची रक्कम ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडला. एका सुट्टीच्या आठवड्यात वसूल होईल एवढी ती आहे. म्हणूनच मी म्हणते की दंडाच्या जोरावर हे चालणार नाही, माणसाला आधी बसवून हिशेब दाखवावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचा नियम, निवासी भागात रात्री 45 डेसिबल, हेही वाचून दाखवलं. पण ते आमच्याच गच्चीवरच्या वाढदिवसांनाही लागू आहे, हे काकूंनी लगेच लक्षात आणून दिलं.

सोळापैकी चौदा सदस्य हजर होते. दोन-तृतीयांशासाठी दहा मतं लागत होती, दहाच पडली. चार विरोधात, त्यांत 402 चे मालक. त्यांनी मतदानानंतर एवढंच इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं की ऑक्टोबरअखेरपर्यंतची बुकिंग आधीच झालेली आहेत, ती मोडली तर लोकांची गैरसोय होईल. सभेनं ते मान्य केलं, अट एकच: तोवर दर शनिवार-रविवार ते स्वतः किंवा त्यांच्या आई इथं मुक्कामाला असतील. आई आल्या. त्या चार शनिवारांत आईंनी 302 मध्ये काकूंकडे मुक्काम केला, किल्ली स्वतःच्या हातानं दिली, आणि एकदाही कुणाची तक्रार आली नाही.

दुरुस्तीचा प्रस्ताव इतिवृत्ताच्या प्रतींसह निबंधक कार्यालयात दाखल केला आहे. 402 चा ॲपवरचा फोटो दिवाळीनंतर उतरला. 1 डिसेंबरपासून तिथं एक नर्सताई, त्यांचे मिस्टर आणि दोन मुलं राहतात, 12,000 रुपये भाडं, करार नोंदवलेला. आणि 201 च्या काकांनी परवा माझ्याकडे ठरावाची प्रत मागितली. पर्यटन संचालनालयाचा अर्ज भरायचाय, मागच्या खोलीला वेगळं न्हाणीघर नाही ते चालेल का, विचारत होते. रविवारी मी आणि काकू त्यांच्याकडे खोली बघायला जाणार आहोत. फाटकाची जास्तीची किल्ली करायला टाकली आहे.